गेला

"गेला?" धाकट्याने फोनवर विचारलं आणि तो मटकन खोक्यावर बसला. "सकाळीच? म्हणजे आता काहीच उपाय नाही?"

दुकानामागच्या खोलीत त्याची बायको भांडी लावत होती. तिच्या हातून पातेलं सुटलं. कोण गेला हे विचारण्याआधीच तिने गळा काढला, "गेला गं बाई, गेला!"

शेजारच्या शिंप्याने कात्री ठेवली आणि रस्ता ओलांडून तो थोरल्या भावाच्या दुकानात गेला. वडिलांच्या वेळी दुकान एकच होतं. मग घरी सिनेमा बघायच्या डिस्क दोन तऱ्हेच्या निघाल्या, एक लाल वेष्टनातली, एक निळ्या. एकीची डिस्क दुसरीच्या प्लेअरवर चालेना. टिकणार कोणती, यावरून भावांचंही एकमेकांशी चालेना. थोरला निळे प्लेअर विकू लागला, समोर धाकटा लाल. एकाने सकाळी किंमत उतरवली की दुसरा दुपारी उतरवायचा. गिऱ्हाइकं दोन्ही पाट्या वाचत आणि "अजून उतरेल" म्हणून घरी जात. भाऊ बोलत नव्हते. पाट्याच काय त्या बोलायच्या.

"समोर रडारड चाललीय," शिंपी म्हणाला. "कोणीतरी गेलं."

"काका असतील. अंथरुणालाच खिळलेत."

"काका असते तर 'गेले' म्हणाल्या असत्या. वहिनी 'गेला' म्हणतायत."

थोरल्याचा चेहरा उतरला. धाकट्याची बायको नवऱ्याला सर्रास अरे-तुरे करायची. थोरल्याला ते कधीच रुचलं नव्हतं. त्या घरात 'गेला' म्हणण्याजोगा माणूस एकच होता.

गिऱ्हाईक तसंच सोडून तो अनवाणी धावला. रस्त्यात एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. "छोट्या! अरे छोट्या!" करत तो दुकानात शिरला.

छोट्या खोक्यावर बसलेला होता. बायको डोळे पुसत त्याच्यावर खेकसत होती, "मशीनसाठी मला रडायला लावलंस होय रे?"

"तू... आहेस?" थोरल्याने विचारलं.

"मी आहे. लाल गेला. कंपनीने बनवायचाच बंद केला." धाकट्याने छतापर्यंत रचलेल्या खोक्यांकडे बोट दाखवलं. "हे सगळं आता भंगार. जा, मोठी पाटी लाव. जिंकलास तू."

थोरला गेला नाही. घाम पुसत तो शेजारच्या खोक्यावर टेकला.

"डोंबलाचा जिंकलो! मेव्हण्याला पाठवून तुझ्याकडनंच नेलाय मी. घरी लालच आहे."

"लाल? निळ्यांनी दुकान भरलंय की तुझं!"

"निळ्याचा भाव रोज मीच पाडत होतो ना," थोरला म्हणाला. "असली वस्तू स्वतःच्या घरात कोण आणतो?"