कापडाची कात्री

"दातानं तोड ना दोरा, कात्री कशाला हवी?" कॅमेऱ्यातून डोळा न काढता नवरा म्हणाला.

तिथेच तिला शंका यायला हवी होती. पण अंधारात उठवून आणलेल्या बाईची शंका थोडा वेळ अंथरुणातच राहते.

तळ्याच्या काठावर हिरव्या-करड्या ठिपक्यांचा लांब पडदा ताणलेला होता. लेन्सपुरत्या खिडक्या ठेवून त्याच्यामागे फोटोक्लबची मंडळी ओळीनं बसली होती. पडदा तिनंच शिवलेला. कापड क्लबचं, शिलाई 'वहिनी काय, आपल्याच' या खात्यात जमा. वाऱ्यानं एक शिवण उसवली म्हणून आज तिला सुईदोऱ्यासकट इथे आणलं होतं. 'सूर्योदय बघशील,' असं नवरा म्हणाला होता. अजून तरी तिनं सुईचं नेढंच बघितलं होतं.

समोर पाण्यावर तरंगणाऱ्या पानवेलींच्या गादीवर सुरय पक्ष्याचं घरटं होतं. आत दोन पिल्लं, कापसाच्या बोळ्याएवढी. सूर्य वर आला, पाणी तांबूस झालं आणि चोचीत मासा धरून नर आला. घरट्यावर उतरता उतरता दचकल्यासारखा वर उचलला गेला, फिरून पुन्हा आला, पुन्हा तसाच परतला. पडद्यामागे सगळे कॅमेरे एकदम खटखटले.

"अगदी सूर्यासमोरून गेला," दातांचे डॉक्टर कुजबुजले. "एरवी एक झेप मिळताना मारामार. आज नुसत्या घिरट्या घालतोय पठ्ठ्या."

"पोझ देतोय, पोझ," अध्यक्ष म्हणाले. हे सिमेंटचे व्यापारी, पण गळ्यात दुर्बीण आली की शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे बोलायचे. "आणि मादी बघा. पंख पसरून पिल्लांवर सावली धरलीय. याचं नाव मी आत्ताच ठेवतो, 'आईची माया'. प्रदर्शनात पहिला नंबर, लिहून घ्या."

दोरा मेणाचा होता, दाताला दाद देईना. तिनं नवऱ्याच्या बॅगेत हात घातला. तळाशी, लेन्स पुसायच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली तिची मोठी कात्री होती. पाती ओली. खिळ्यापाशी हिरवे धागे अडकलेले.

कापडाची कात्री कागदालासुद्धा लावायची नाही, हा तिच्या घरातला कायदा होता. दुधाच्या पिशवीपायी सासूबाईंना आणि चित्रकलेच्या कागदापायी मुलीला तिनं ऐकवलं होतं. नवरा दोन्ही वेळा समोर हजर होता, मान डोलवत.

"अहो, हिनं काय कापलंत?"

"हळू. पक्षी बुजतील."

"काय कापलंत?"

"थोडं लव्हाळं गं. काल संध्याकाळी. घरट्याभोवती नुसती गिचमिड होती, फ्रेम स्वच्छ येत नव्हती. कोयता मारला असता तर घरटंच हललं असतं. म्हणून कात्री. नाजूक काम होतं ते."

तिनं पडद्याच्या खिडकीतून बघितलं. घरट्याभोवती लव्हाळ्याचे खुंट उभे होते, न्हाव्याकडून केस बिघडून आलेल्या पोराच्या डोक्यासारखे. कापलेलं लव्हाळं इकडे काठावर, मंडळींच्या बुडाखाली, ओल लागू नये म्हणून. ऊन थेट घरट्यावर पडत होतं. मादीची चोच उघडी होती आणि पसरलेले पंख थरथरत होते. पलीकडच्या खांबावर एक कावळा येऊन बसला होता. मान तिरपी करून तोही बघत होता. कालपर्यंत त्याला दिसत नव्हतं ते.

नर परत आला, खाली झुकला, परत गेला.

"तो पोझ देत नाहीये," ती म्हणाली. आता हळू वगैरे काही नाही. "त्याला घर सापडत नाहीये. आणि तिची माया कसली बघताय? तुम्ही छप्पर काढून नेलंत, म्हणून ती बिचारी पंखांचं छप्पर करून उभी आहे."

"वहिनी, तुमच्या भावना समजतात," अध्यक्ष म्हणाले. "पण आपला नियम काय, घरट्याला हात लावायचा नाही. कुणी लावलाय का हात?"

"नाही हो. हात कशाला लावाल? कात्री होती ना माझी."

"बरं, थोडाच वेळ हा प्रकाश आहे. तेवढा जाऊ द्या, मग आपण बसून बोलू."

ती उठली. पडद्याच्या गाठी तिच्याच हातच्या, एकेका हिसक्यात सुटल्या. पडदा खाली आला आणि टोप्या घातलेली मोठी मोठी माणसं लव्हाळ्यावर मांड्या घालून उघड्यावर बसलेली दिसली.

"चला, उठा. तुम्ही दिसत असताना तो उतरायचा नाही. आणि दिसल्याशिवाय तुम्ही हलायचे नाहीत."

मंडळी पुटपुटत उठली. "यांना आणायलाच नको होतं," डॉक्टर म्हणाले.

"मग शिवण कुणी घातली असती?" नवरा म्हणाला. सकाळपासून तो एवढंच एक खरं बोलला.

गाडीपर्यंतच्या चढावर तो तिच्या मागे मागे होता. "कात्रीला उद्याच धार लावून आणतो." तिनं काखेत गुंडाळून घेतलेल्या पडद्याच्या कडेवर कात्री चालवून बघितली. कापड कापलं नाही, पात्यांत चावलं गेलं. तिनं पाती मिटली.

"फोटो मात्र बघ तरी," तो म्हणाला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मादी होती, पंख पसरलेली, पाठीमागे नुसतं सोनेरी पाणी. मध्ये एक काडी नाही.

तिनं नीट बघितलं. "तुम्ही यात कुठेच दिसत नाही," ती म्हणाली.

खाली काठ मोकळा झाला होता. सुरय अजून घिरट्या घालत होता, आणि मासा अजून त्याच्या चोचीतच होता.