सहा पाट्या

"नाव कोरताना अक्षराकडे बघायचं, माणसाकडे नाही. माणसाकडे बघितलंस की हात हलतो."

वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांच्यामागे दुकान तीच चालवत होती, आणि पितळेच्या पाटीवर कोरणी टेकवताना त्यांचा आवाज आपसूक कानात यायचा. आज मात्र तो तिने मुद्दाम आठवला.

समोर सहा पाट्या होत्या आणि शेजारी संयोजक बाईंनी दिलेला कागद. जीवशास्त्र आणि डिझाइन यांची सांगड घालणारी विद्यार्थ्यांची स्पर्धा. सहा विभाग, सहा बक्षिसं. सजीव साहित्य. निसर्गाकडून शिकलेली रचना. रोजच्या वापराची वस्तू. टाकाऊतून निर्मिती. उत्तम सादरीकरण. प्रेक्षकांची पसंती. प्रत्येकापुढे जिंकलेल्या प्रकल्पाचं नाव.

कागद देताना बाईंनी आवाज खाली आणला होता. "तुमची मुलगीही स्पर्धेत आहे, ठाऊक आहे मला. पण तुमच्यासारखं सुबक काम दुसरं कोणी करत नाही. समारंभापर्यंत यातलं एक अक्षर बाहेर जायला नको हं."

"नाही जाणार," ती म्हणाली होती.

खोटं बोलायचं नाही आणि दिलेला शब्द मोडायचा नाही, हा तिचा नेम होता. रोज सकाळी देवापुढे हात जोडून ती तो नव्याने घ्यायची.

बाई गेल्यावर तिने कागद वरून खाली वाचला, मग खालून वर. 'भुसापेटी' हे नाव त्यात कुठेच नव्हतं.

भुसापेटी म्हणजे चिऊचा, तिच्या लेकीचा प्रकल्प. ट्रॉफीच्या लाकडी बैठका कापताना दुकानात भुसा पडायचा. चिऊने तो पिशव्या भरभरून घरी नेला, उकळून गार केला, त्यात बुरशी सोडली आणि साच्यात दाबून अंधारात ठेवला. बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी भुसा असा काही आवळून धरला, की औषधाच्या बाटल्या न्यायला थर्माकोलची गरजच उरली नाही. अर्थात हे पाचव्या खेपेला. आधीच्या चार पेट्या हिरव्या पडून सडल्या होत्या, तेव्हा चिऊचा मामा नाकाला रुमाल लावून विचारायचा, "हे घर आहे की उकिरडा?"

जिंकणाऱ्याला डिझाइनच्या महाविद्यालयात थेट प्रवेश होता. प्रवेश परीक्षेत चिऊ दोन गुणांनी राहिली होती. तिला आता ही एवढीच वाट होती.

कागदावर 'पालवी' हे नाव तीनदा होतं. संयोजक बाईंच्याच शाळेचा गट. असतील मुलं हुशार, तिने मनाला समजावलं. मागच्या महिन्यात माणसं येऊन सगळे प्रकल्प बघून गेली होती, फोटो काढून गेली होती. त्यातले एक चष्मेवाले भुसापेटीपाशी दोनदा परत आले, असं चिऊ उड्या मारत सांगत होती. दोनदा बघूनही नसेल आवडली, तर कोण काय करणार?

तिने सहाही पाट्या कोरल्या. हात हलला नाही.

संध्याकाळी घरी आली तेव्हा चिऊ एका नव्या, अर्धवट वाढलेल्या पेटीवर पाणी फवारत होती.

"आता कशाला गं?"

"जिवंत आहे ती, आई. तिला काय ठाऊक उद्या काय आहे ते."

मग ती आरशासमोर उभी राहून दोन मिनिटांचं बोलणं घोकू लागली. मामाने वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "बक्षीस घ्यायच्या आधीच भाषण पाठ? वा!"

चिऊने त्याला जीभ दाखवली आणि आईकडे वळली. "पाट्या तुझ्याकडेच आल्यात ना? दाखव की."

"बांधून ठेवल्यात."

"बरं, राहू दे. पेटी कशी झालीय ते तरी सांग. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुलाच विचारते."

आईने स्पर्धेसाठीची तयार पेटी हातात घेतली. कागदासारखी हलकी, कडा एकसारख्या. "या घरात इतकी चांगली वस्तू आजवर कोणी केली नाही."

"मग झालं तर!" चिऊने तिच्या गळ्यात हात टाकले. "उद्या बरोब्बर दहाला सभागृहात ये. उशीर नाही चालायचा. वचन?"

निकाल लागताना पोरीला जवळ कोणीतरी हवं असेल. तिने डोळे पुसायला स्वयंपाकघर गाठलं आणि तिथूनच म्हणाली, "वचन."

सकाळी तिने पाट्या मऊ कापडात गुंडाळून संयोजक बाईंच्या हवाली केल्या. बाईंनी त्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि हसून म्हणाल्या, "तुमच्या शब्दाला मानलं बुवा."

दहाला पाच मिनिटं कमी असताना ती सभागृहाच्या दारात पोचली. आत ना व्यासपीठ सजलं होतं, ना खुर्च्या मांडल्या होत्या. मुलं टेबलांवर आपापले प्रकल्प लावत होती.

"ही चिठ्ठी घ्या, मावशी," दारातला रखवालदार म्हणाला. "आवडलेल्या प्रकल्पाचं नाव लिहायचं आणि पेटीत टाकायचं. जरा कडेकडेने जा, परीक्षक अकराला यायचेत, त्याआधी मुलांचं आवरायचंय."

"परीक्षक? ते तर मागेच येऊन गेले ना?"

"छे! ते पुस्तिकेसाठी फोटो काढणारे. परीक्षक आज पहिल्यांदाच येतायत."

तेवढ्यात लांबच्या टेबलामागून चिऊने हात उंचावला. "आई! पहिलं मत तुझंच पाहिजे, म्हणून तर दहाला बोलावलं. वचन दिलंयस!"

तिने भिंतीला टेकवून चिठ्ठीवर 'भुसापेटी' लिहिलं. पहिल्याच अक्षराला हात हलला. मग चिठ्ठीची नीट घडी घातली आणि सभागृहाच्या मधोमध ठेवलेल्या, 'प्रेक्षकांची पसंती' लिहिलेल्या, काचेच्या रिकाम्या पेटीकडे ती चालू लागली.