जादा किल्ली

परराष्ट्र खात्यातल्या साहेबांनी तिला पुन्हा बोलावलं. परदेशात बंडखोरांनी पकडलेला तिचा नवरा जिवंत आहे का, हे पडताळायला साहेबांनी तिच्याकडून घरातलाच प्रश्न घेतला होता: जादा किल्ली कुठे असते? उत्तरही तिनंच दिलं होतं, मीटरच्या पेटीत. “ताई, तिकडून उत्तर आलंय, ‘कुंडीखाली’,” साहेब नजर चुकवत म्हणाले. “ते जिवंतच नसतील, तर सरकार सुटकेची बोलणी थांबवेल.” ती कशीबशी घरी पोचली. कुंडीखाली किल्ली ठेवू नकोस, चोराला आमंत्रण आहे, म्हणून लग्नापासून ती कानीकपाळी ओरडत होती. शेवटी ‘बरं बाई, पेटीत ठेवतो’ म्हणाला होता तो. तिनं लगबगीनं कुंडी सरकवली. खाली मातीत किल्ली रुतली होती. तिनं लगेच फोन लावला. “साहेब, बोलणी थांबवू नका! तोच आहे. त्यानं माझं कधी ऐकलंय?”