दुसऱ्या भागातली अडखळ

पेठकरांनी आणलेली नवी सीडी संपली. पियानो आणि वाद्यवृंदाचा कॉन्चेर्टो तोच, पियानोवादक निराळा.

“एकेक सूर मोती. तुमच्या जुन्या तबकडीत आता राम नाही,” ते म्हणाले.

“तीही लावा. निवाडा मग,” अच्युतराव म्हणाले. हात थरथरत असल्यानं ते सुईला शिवत नसत.

दुसऱ्या भागात सुई नेहमीच्या जागी अडकली आणि पियानो तेच सूर घोळवत बसला. पेठकर उठणार, तोच अच्युतरावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

परवापासून अच्युतरावांशी अबोला धरलेल्या शैलाताई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. करंगळीनं त्यांनी सुई पुढं सारली.

“माझ्यावाचून इथं पान हलायचं नाही,” म्हणत त्या परत न जाता नवऱ्याशेजारी टेकल्या.

“पेठकर, जुनंच सरस,” अच्युतरावांनी निवाडा दिला.