घरातला पासवर्ड

पाहुणे यायला अर्धा तास उरला होता, आणि खालच्या कॉम्प्युटरमधला लग्नाचा अल्बम वरच्या लॅपटॉपवर काही केल्या उघडेना.

“घरातल्या घरात कुलूप कशाला?” म्हणत मुकुंदरावांनी कधी पासवर्डच ठेवला नव्हता, आणि पासवर्डाशिवाय तो कॉम्प्युटर लॅपटॉपला दारातही उभं करत नाही, हे रेवतीबाईंना आत्ता उमगलं. त्या जिन्यातून ओरडल्या, “अहो, कसलातरी पासवर्ड ठेवा, पटकन!”

“ठेवला!” खालून नवरा ओरडला. “द्वारका!”

त्या जागीच थबकल्या. चाळीस वर्षांपूर्वी याच माणसाने ताटातल्या तांदळात अंगठीने ‘रेवती’ लिहिलं, तेव्हापासून हे माहेरचं नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

एका बोटाने एकेक अक्षर करत त्यांनी ते टाइप केलं. फोटो भराभर उघडू लागले.

“उघडलं का गं, द्वारके?”

“ओ, आले!” म्हणत, फोटो तसेच टाकून, त्या जिना धावत उतरल्या.