बिनकमिशनचा मॅनेजर

निगडीची भाग्यश्री फाइट जिंकून आली, की मुरारीभाऊंशी तिचं भांडण ठरलेलं. तिला मिळणाऱ्या पैशातले तीस टक्के हा मॅनेजर आधीच कापून घ्यायचा.

"ठोसे मी खायचे, मग तुम्ही कशाचे पैसे घेता, भाऊ?"

"तुझ्या तोडीची फाइट शोधायची म्हणजे चार जणांना नाही म्हणावं लागतं, पोरी. त्याचे घेतो," ते म्हणायचे.

तिला ती निव्वळ थाप वाटायची. हा माणूस आयोजकांकडूनही वेगळे खात असणार, हा संशय तिच्या डोक्यातून जाईना. शेवटी एक दिवस भर जिममध्ये वाजलं आणि तिनं करार मोडला.

आठवड्याभरात चाकणचा सार्थक नावाचा मॅनेजर तिला शोधत आला. टक्केवारी नाही, वर सगळे पैसे फाइटच्या आधी! भाग्यश्रीनं त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. करार वकिलाकडून दोनदा वाचून घेतला, पण कुठे खोट निघाली नाही. फाइटच्या दिवशी सकाळी पैसे खात्यात जमा झाले, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. मुरारीभाऊंनी आपल्याला इतकी वर्षं लुबाडलं, या विचारानं तिला त्यांचा नव्यानं राग आला.

संध्याकाळी रिंगच्या कोपऱ्यात तिच्या ग्लोव्हजची पट्टी आवळता आवळता सार्थक कानाशी वाकला.



"माझं कमिशन समोरच्या पार्टीनं दिलंय, ताई. तिसऱ्या राउंडला पडायचं."