विहीर असलेल्या घरी पाणी

एउदोमारनं पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन ओट्यावर ठेवला आणि "माद्रिना, आशीर्वाद," म्हणत डोकं पुढं केलं.

"देव भलं करो," निकासिया म्हणाली आणि कॅनकडे बघून हसली. "अरे, विहीर असलेल्या घरी पाणी घेऊन येतं का कुणी? तेल काढून काढून डोकं फिरलं वाटतं."

एउदोमार जन्मला तेव्हा पाद्री गावात वर्षातून एकदा यायचा. तोवर पोर बिननावाचं कसं ठेवायचं, म्हणून ह्याच विहिरीचं पाणी त्याच्या टाळूवर घालून तिनं नाव ठेवलं होतं. तेव्हापासून ती त्याची माद्रिना, दुसरी आईच.

जेवायला ओरिनोको नदीतला मासा आणि कासावाच्या कंदाची भाकरी होती. वर विहिरीच्याच पाण्याची कॉफी.

"दोन महिने पाण्याला वास येतोय," ती म्हणाली. "रंगाच्या डब्यासारखा. माझीच चूक रे. विहिरीचं झाकण उघडं राहिलं असणार, काहीतरी पडलं. दोनदा उपसून घासली." तिची कोपरं सोलवटली होती.

एउदोमारनं हातातला घास खाली ठेवला. टेकडीपलीकडची तेलविहीर त्यानंच खोदली होती. नळीभोवती भरलेलं सिमेंट वर तोंडाशी आलेलं दिसावं लागतं, नाहीतर आतलं सगळं जमिनीतल्या पाण्यात झिरपतं. ते दिसलं नव्हतं, आणि यंत्र पुढच्या जागी न्यायची घाई होती. तरी 'दिसलं' अशा नोंदीखाली सही त्याचीच. आता घट्ट तेल पातळ करायला त्याच भोकातून नाफ्था, रंगात घालतात तसलं थिनर, सोडत होते.

निकासियानं माशाचा सांगाडा ताटात सरळ केला. त्यानंच तिला कधीकाळी मोठ्या रुबाबात दाखवलं होतं: हा मणका म्हणजे आडवी विहीर, हे काटे म्हणजे तिच्या फांद्या, सगळ्यांच्या जमिनीखाली पसरलेल्या.

"ह्यातला कुठला काटा माझ्या घराखाली?" ती पुन्हा कॅनकडे बघत होती. हसू गेलं होतं.

"काटे बरे आहेत, माद्रिना." त्यानं माशाच्या डोक्यामागं बोट ठेवलं. "इथं, गळ्याशी, विहीर खाली उतरते तिथं गडबड आहे."

"तुला कधी कळलं?"

"सिमेंट भरलं त्याच दिवशी."

शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं त्याच्यापुढची कॉफी उचलून अंगणात ओतली, कॅनचं बूच काढलं आणि नवं पाणी चुलीवर ठेवलं.

"राहू दे, मी विहिरीच्याच पाण्याची पितो."

"पाहुण्याला असलं पाणी देऊ नये," ती म्हणाली.

त्या घरात चाळीस वर्षांत त्याला कुणी पाहुणा म्हटलं नव्हतं.